सणावारी जास्त खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड्स का वाढतात?

महालक्ष्म्यांचे जेवण, दिवाळीचा फराळ, लग्नाची पंगत किंवा मित्रांसोबत सावजी मटण. नागपुरात अशी निमित्ते वर्षभर येतात. त्याच आठवड्यात रक्त तपासले आणि ट्रायग्लिसराइड्स वाढलेली दिसली, तर घाबरू नका. पण दुर्लक्षही करू नका.

एका जेवणाने काय होते?
जेवणातले तेल-तूप आतड्यातून शोषले जाते आणि सूक्ष्म कणांच्या रूपात रक्तात येते. त्यामुळे तर्रीदार जेवणानंतर साधारण ३ ते ४ तासांनी ट्रायग्लिसराइड्स सर्वाधिक असतात. निरोगी व्यक्तीत ती पुढच्या काही तासांत उतरतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एका जेवणाने फारसे बदलत नाही.

सलग काही दिवस जास्त खाल्ल्यास?
"मी तेलकट खाल्लेच नाही, फक्त गोड खाल्ले," असे अनेक रुग्ण सांगतात. परंतु गरजेपेक्षा जास्त साखर आणि मैदा पोटात गेला, की यकृत त्याची चरबी बनवून रक्तात सोडते. म्हणून पुरणपोळी, संत्रा बर्फी आणि शीतपेयांमुळेही उपाशीपोटीची ट्रायग्लिसराइड्स वाढू शकतात. दारूमुळे ती आणखी वाढतात. तूप, लोणी, चरबीयुक्त मटण असे खाणे काही आठवडे चालले, तर एलडीएलही वाढते.

तपासणी कधी करावी?
नियमित तपासणी असेल, तर सणानंतर दोन आठवडे नेहमीचा आहार घेऊन करा. आदल्या दिवशी दारू टाळा. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्स १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असावीत. अनेक लॅब एलडीएल थेट न मोजता गणिताने काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील, तर ते गणित विश्वसनीय राहत नाही.

रिपोर्ट जास्त आला तर?
- १५० ते ४९९: डॉक्टरांना दाखवा आणि सणात काय खाल्ले तेही सांगा. बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. तेव्हाही आकडा जास्त असेल, तर कारण केवळ सण नाही. मधुमेह, थायरॉईड आणि फॅटी लिव्हर तपासावे लागते.
- ५०० किंवा जास्त: लगेच डॉक्टरांना भेटा. आकडा फार वाढला, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखत असेल, दुखणे पाठीकडे जात असेल आणि उलट्या होत असतील, तर रुग्णालयात जा.

तुम्ही काय करू शकता?
सणाच्या दिवसांतही रोज अर्धा तास भरभर चाला. व्यायामामुळे स्नायू रक्तातली चरबी जास्त वापरतात. दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. नेहमीच्या वरण-भात-भाजी-पोळीवर परत या. कोलेस्टेरॉल, मधुमेह किंवा हृदयविकाराची गोळी सुरू असेल, तर ती सणातही चुकवू नका.