नावाआधी कामाला लागलेला भुंगेरा

१९६४ साली अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या गोड्या पाण्यात दक्षिण अमेरिकेहून आणलेला एक भुंगेरा सोडण्यात आला. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, काळ्या पाठीवर पिवळे पट्टे. त्याची कामगिरी ठरलेली होती, सरकारी परवानगीही होती. नव्हते ते शास्त्रीय नाव. ते मिळायला १९७१ साल उजाडले: ॲगॅसिक्लीस हायग्रोफिला. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘ओलाव्याची आवड असलेला’.

आधी काम आणि मग बारसे, असे का झाले हे समजून घ्यायचे तर थेट लंडनच्या एका ऑपेरागृहातील वाद्यवृंदापर्यंत मागे जावे लागते.

हा भुंगेरा पर्णभुंगेऱ्यांच्या कुलातला. हे कुल अवाढव्य. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याच्या नावाने बोटे मोडतात तो उडद्याही त्यातलाच. दक्षिण अमेरिकेतले नमुने एकोणिसाव्या शतकात पेट्या भरभरून युरोपात जाऊ लागले. एकटा हेन्री वॉल्टर बेट्स १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. त्याने जमवलेल्या प्राण्यांच्या चौदा हजारांवर जातींपैकी सुमारे ८ हजार विज्ञानाला नव्या होत्या, असे सांगतात. त्यांत बहुतेक कीटकच. पण जमवणारा एक आणि नावे देणारे वेगळेच. इंग्लंडमध्ये पर्णभुंगेऱ्यांचे काम करणाऱ्यांत हॅम्लेट क्लार्क हा पाद्री होता, जोसेफ शुगर बेली हा वॉरिक गावचा डॉक्टर होता आणि मार्टिन जॅकोबी हा चक्क व्हायोलिनवादक होता.

जॅकोबीचा जन्म १८४२चा, आल्टोना इथला. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात आणि नंतर लंडनच्या रॉयल इटालियन ऑपेरात त्याने व्हायोलिन वाजवले, शिकवण्या केल्या आणि उरलेल्या वेळात भुंगेरे पाहिले. उरलेला वेळ म्हणायचा तरी कसा? मध्य अमेरिकेच्या पर्णभुंगेऱ्यांवर त्याने जाडजूड लेखन केले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतला पर्णभुंगेऱ्यांचा पहिला खंडही त्याचाच. तो १९०८ साली निघाला, तेव्हा जॅकोबी हयात नव्हता. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्याने दक्षिण अमेरिकेतल्या काही भुंगेऱ्यांसाठी ‘ॲगॅसिक्लीस’ ही नवी प्रजाती स्थापली.

त्या काळचे वर्णन म्हणजे मिशांचे पेर, छातीच्या कडा, उडी मारण्यासाठी जाड झालेल्या मागच्या मांड्या, पाठीचे रंग. किडा काय खातो याचा पत्ता नसे. समोर टाचणीला टोचलेले पाच-दहा मेलेले नमुने असत आणि त्यातला नेमका कोणता नमुना नावाचा धनी, हे लेखक पुष्कळदा सांगतच नसत. त्या वेळी ते खटकले नाही. खटकले साठ वर्षांनी.

अ‍ॅलिगेटर वीड हे दक्षिण अमेरिकेचे पाणतण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पोचले होते. कालवे, तळी, नद्यांचे काठ त्याच्या जाड थराखाली गेले, होड्या अडू लागल्या. त्यावर उपजीविका करणारे किडे शोधायला १९६०च्या सुमारास जॉर्ज व्होग्ट दक्षिण अमेरिकेत गेले. त्यांना हा पट्टेरी भुंगेरा सापडला. तो दुसऱ्या झाडांवर जगतो का, हे तपासून मगच तो सोडण्यात आला. पाणतणाविरुद्ध मुद्दाम कीटक सोडण्याचा हा जगातला पहिला प्रयत्न मानतात.

प्रजाती कळली होती, जाती कोणती? जॅकोबीने नाव दिलेलीच की नवी? हा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण तपासणी एका जातीची करायची आणि पेटीत दुसरीच मिसळलेली असायची, तर उद्या ती कोणते पीक खाईल याची हमी कोण देणार? म्हणून जुने नमुने पुन्हा बाहेर काढावे लागले. सेल्मन आणि व्होग्ट यांनी १९७१च्या शोधनिबंधात आधी प्रजातीतल्या जुन्या नावांसाठी त्या नमुन्यांतून प्रमाण नमुने ठरवले आणि त्याच निबंधात ही जात नवी म्हणून वर्णिली. वर्णनाच्या कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

भुंगेऱ्याची अळी मोठी झाली की तणाचा पोकळ देठ पोखरून आत शिरते आणि तिथेच कोष करते. पाण्यावर तरंगणाऱ्या तणाचे देठ त्यासाठी पुरेसे जाड असतात. जमिनीवर वाढलेल्याचे नसतात. त्यामुळे फ्लोरिडाच्या पाण्यावरचे थर ओसरले, काठावरच्या कोरड्या जमिनीतले तण मात्र तगून राहिले, आणि जिथे हिवाळा कडक तिथे भुंगेराच टिकला नाही.