फुगलेल्या टोप्या

गेल्या शनिवारी माळा आवरताना एक जुना मदरबोर्ड सापडला. पेंटियम फोरच्या जमान्यातला. बायको म्हणाली, "भंगारात दे." देववला नाही. त्याच्याशी एक हिशेब बाकी आहे.

तर झालं असं. २००४ची दिवाळी. मला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला मामांकडे गेलो होतो. मामांचा तिथे छोटासा संगणक वर्ग होता आणि त्यातला एक पीसी मेला होता. पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी आणि बीपही नाही. वर्ग सांभाळणाऱ्या पोराने आदल्याच दिवशी ब्रशने धूळ झटकली होती. "मी काहीच नाही केलो जी, भाऊ," एवढंच तो म्हणाला.

मी पडलो इंजिनिअर! दुसरा एसएमपीएस लावून पाहिला. मग हार्डडिस्क, कार्डं, रॅम सगळं काढून फक्त प्रोसेसर ठेवला. रॅम नसली की जिवंत बोर्ड बीप वाजवून तक्रार करतो. हा गप्पच. म्हणजे बोर्डच गेला. इथवर माझं बरोबर होतं. पण पुढे मी म्हणालो, "ब्रशमुळे स्टॅटिक बसलं असणार." मामांनी पोराला कामावरून काढलं. बोर्ड मी पुण्याला घेऊन आलो.

२००५मध्ये बातमी वाचली: खराब कपॅसिटरवाले पीसी दुरुस्त करायला डेलने ३० कोटी डॉलर बाजूला काढले. बोर्ड पुन्हा उजेडात धरला. प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरच्या टोप्या फुगल्या होत्या, दोघांवर तपकिरी थर. नवेगावला हेच डोळ्यांसमोर होतं, पण कळलं नव्हतं.

कपॅसिटर म्हणजे काय, ते नवेगावच्या तलावावरून छान कळतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. पाऊस येतो धसमुसळा, धानाला मात्र पाणी हवं बेताबेतानं. मधे तलाव सांभाळून घेतो. बोर्डावरही तसंच. १२ व्होल्टचा पुरवठा तुकड्यातुकड्याने कापून खाली आणतात, पण पेंटियम फोरला दीड व्होल्टच्या आसपास, तेही सलग हवे असतात. मधली चढउतार कपॅसिटर पोटात घेतो. पाळ फुटली की बांध्या कोरड्या!

इथे पाळ आतून पोखरली होती. त्या काळात, विशेषतः तैवानमध्ये बनलेल्या बऱ्याच कपॅसिटरमधलं पाण्यावर आधारित द्रावण सदोष होतं. अल्युमिनियमला पाण्यापासून वाचवणारी रसायनं त्यात पुरेशी नव्हती. आत हायड्रोजन साचायचा, टोपी फुगायची. २००२-०३पासून जगभर बोर्ड असेच मरत होते. ब्रश असो वा नसो, हाही मेलाच असता.

मामांना फोन केला. पोरगा तोवर नागपूरला कामाला गेला होता. "आता काय उकरतोस?" मामा म्हणाले. मीही मग उकरलं नाही.

आता बऱ्याच बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर असतात. त्यांत द्रावणच नाही, त्यामुळे टोप्या अशा फुगत नाहीत. सवय मात्र तीच आहे. ऑफिसात प्रॉडक्शन पडलं की पहिला प्रश्न येतो, "शेवटचा हात कोणी लावला?" तेव्हा मला तो ब्रश आठवतो.

असो. बोर्ड परत माळ्यावर ठेवलाय.