बिस्बीचा आचारी आणि अलाबामाचे टोमॅटो

'बाहेरचे आले आणि आमच्या नोकऱ्या गेल्या' हे वाक्य जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे रोज बोललं जातं. ज्याची नोकरी खरोखरच गेली आहे त्याला ते चुकीचं आहे म्हणून सांगायला जाऊ नये. त्याच्या घरातली चूल त्याला दिसते, आपल्याला नाही. पण या वाक्याचा जेव्हा कायदा होतो, तेव्हा त्या कायद्याने काय साधलं हे तपासायला हवं. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला तरी ही तपासणी टाळता येत नाही.

अमेरिकेत कोणाला प्रवेश द्यायचा हे केंद्र सरकार ठरवतं. पण आलेल्याने काम कुठे आणि कसं करायचं, याबद्दल तिथली राज्यं वेळोवेळी आपापले कायदे करत आली आहेत. आपली बरीच मंडळी तिकडे आहेत, म्हणून ही गोष्ट थोडी आपलीही.

अ‍ॅरिझोना राज्यात बिस्बी नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. १९१४ साली तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने एक कायदा केला. पाचांहून जास्त माणसं कामाला असतील, तर त्यातली ८० टक्के मतदार किंवा जन्माने अमेरिकन असलीच पाहिजेत. बिस्बीच्या एका खानावळीत माइक राईश नावाचा ऑस्ट्रियन आचारी होता. खानावळीत नऊ माणसं, त्यातली सात या नियमात न बसणारी. मालकाने त्याला सांगितलं, कायदा लागू झाला की तुला काढावं लागेल. राईश कोर्टात गेला आणि १९१५ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला! न्यायमूर्ती ह्यूज यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की ज्याला राहायची परवानगी दिली आहे त्याला पोट भरायची बंदी करणं म्हणजे त्याला राहूच न देणं. आणि तो अधिकार राज्याचा नव्हे.

राईश रीतसर आलेला होता. पुढचा प्रश्न अवघड होता, तो कागदपत्रांशिवाय आलेल्यांचा. २००७ साली अ‍ॅरिझोनानेच पुन्हा कायदा केला. प्रत्येक मालकाने नव्या कामगाराची कागदपत्रं सरकारी संगणकावर पडताळायची, जाणूनबुजून नियम मोडला तर धंद्याचा परवाना जाणार. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मात्र वैध ठरवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेने त्याचा हिशेब मांडला. नागरिक नसलेले सुमारे ९२ हजार हिस्पॅनिक लोक राज्यातून कमी झाले होते. म्हणजे लोक गेले, हे खरं. पण त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या कमी शिकलेल्या स्थानिकांच्या नोकऱ्या किंवा पगार वाढल्याचा पुरावा सापडला नाही. जे मागे राहिले त्यांतले बरेच नोकरी सोडून सुटी कामं करू लागले, अधिक हलाखीत.

२०११ मध्ये जॉर्जियाचा नंबर लागला. कायदा झाला आणि ऐन हंगामात मजूर दिसेनासे झाले. राज्याच्या शेतीखात्याच्या पाहणीत ११ हजारांवर जागा रिकाम्या निघाल्या. बेकारी त्या वेळी दहा टक्क्यांच्या घरात. राज्यपालांनी तोडगा काढला, की शिक्षा झालेले पण देखरेखीखाली बाहेर असलेले बेकार लोक शेतावर पाठवावेत. काकडीच्या शेतात माणसं गेली, पण त्यातली कितीतरी दुपार व्हायच्या आत परतली. त्यांना आळशी म्हणणं सोपं आहे. पण भर उन्हात दिवसभर कमरेत वाकून बादलीच्या हिशेबाने तोडणी करणं हेही एक कसबच आहे, आणि ते एका दिवसात येत नाही. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराला विचारा.

त्याच वर्षीचा अलाबामाचा कायदा सगळ्यांत कडक. खरं तर तिथे परदेशात जन्मलेले लोक जेमतेम साडेतीन टक्के! चँडलर माउंटनवर टोमॅटो तोडायला माणसं मिळेनात आणि पीक वेलीवरच सडू लागलं. कायद्याच्या समर्थकांनी बोट दाखवलं ते बेकारीच्या आकड्याकडे. सप्टेंबरमध्ये ९.८ टक्के असलेली बेकारी डिसेंबरमध्ये ८.१ वर आली होती. पण मंदीनंतर बेकारी त्या काळात देशभरच उतरत होती, त्यामुळे ते श्रेय एकट्या कायद्याला देता येत नाही.

मला मात्र टोचलं ते त्यातलं शाळेचं कलम. नव्याने दाखल होणाऱ्या मुलाच्या कागदपत्रांची चौकशी शाळेने करायची! मुलांना शाळेत बंदी नव्हती. १९८२ च्या टेक्सासच्या खटल्यानंतर ती घालताच येत नाही. पण भीती कलम वाचून थोडीच येते? कायदा लागू होताच एका दिवसात दोन हजारांहून अधिक हिस्पॅनिक मुलं राज्यभर गैरहजर होती. हजेरीपटावरचा 'गै' किती बोलका असतो, हे शिक्षकाला सांगावं लागत नाही. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ते कलम रद्द केलं, आणि २०१३ च्या तडजोडीत आणखीही काही कलमं गळाली.

एक माणूस गेला की एक जागा रिकामी होते, हे गणित चौथीतल्या वजाबाकीसारखं सरळ वाटतं. प्रत्यक्षात तोडणीवाला गेला की पेट्या भरणारी बाई, ट्रकचा ड्रायव्हर, गावातला दुकानदार या सगळ्यांचं काम आटतं. नाहीतर मालक यंत्र आणतो. १९६४ अखेर मेक्सिकन शेतमजुरांना बोलावण्याची योजना केंद्राने बंद केली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या टोमॅटोच्या शेतांत काही वर्षांतच तोडणीयंत्रं फिरू लागली. त्या योजनेच्या शेवटाचा पुढे अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा स्थानिक शेतमजुरांची मजुरी त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही.

मग स्थानिकांची तक्रार खोटी का? नाही. कागद नसलेला मजूर कमी मजुरीबद्दल तक्रार करू शकत नाही, आणि त्याच्या या गप्प बसण्याचा भार शेजारच्या स्थानिक मजुरावरही पडतो. पण त्यावरचा इलाज किमान वेतन काटेकोर देणं, कारखान्यांची तपासणी करणं हा आहे. तो महागडा आणि कंटाळवाणा असल्यामुळे निवडणुकीत चालत नाही, एवढंच.

८० टक्क्यांचा आकडा आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्राच्या उद्योगधोरणातही स्थानिकांसाठी तोच आहे. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदाच केला होता, तो २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. आपल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आज पुण्यात, बंगळुरात नाहीतर न्यू जर्सीत 'बाहेरचं' आहे. इथे एक न्याय मागायचा आणि तिकडे दुसरा, हे मला तरी जमत नाही. तुम्हाला जमतं का, हे ज्याचं त्याने आपल्या मनाला विचारावं.