डराव-डराव का मंदावले? बेडकांवरील दोन संकटांचा इतिहास



पहिला मोठा पाऊस पडला की रात्री खाचरांतून आणि ओढ्याच्या काठाने डराव-डराव सुरू होते. ते कानावर आले की आपण म्हणतो, पाऊस लागला. शिवारात फिरताना जुनी माणसे मला सांगतात, "साहेब, पाऊस येतो, पण बेडूक पहिल्यासारखे ओरडत नाहीत." हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. बेडकांवर दोन मोठी संकटे आली. एक माणसाच्या हातचे, दुसरे रोगाचे. दोन्हींच्या इतिहासात १९८७ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तंगड्यांचा व्यापार

१९५० नंतरच्या दशकात आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या गोठवून परदेशी जाऊ लागल्या. अमेरिका आणि युरोपातील देश हे त्यांचे गिऱ्हाईक. मागणी होती ती आपल्या ओळखीच्या मोठ्या बेडकाला. पावसाच्या तोंडाशी ज्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो, तोच हा. रात्री बत्तीच्या उजेडाने तो दिपतो आणि जागचा हलत नाही. मग काय, भरा पोती! ही धरपकड चाले ऐन पावसाळ्यात, म्हणजे अंडी घालण्याच्या दिवसांत. बियाणेच दळून खाल्ले तर पुढच्या साली पेरायचे काय? १९८१ साली ४ हजार टनांहून अधिक तंगड्या देशाबाहेर गेल्या.

हा बेडूक खातो तरी काय? नाकतोडे, भुंगेरे, अळ्या, बांध पोखरणारे खेकडे, प्रसंगी उंदराचे पिल्लूसुद्धा. म्हणजे तो आपला बिनपगारी राखणदारच. मुंबईचे निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. एका हाताने बेडूक विकून डॉलर घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कीटकनाशकांवर पैसा घालवायचा, हा कुठला हिशेब, असा प्रश्न त्या काळात अनेकांनी विचारला. त्याच १९८५ साली वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत हा बेडूक घेतला गेला. पुढे १९८७ साली भारताने तंगड्यांची निर्यात बंद केली.

न दिसणारा शत्रू

त्याच १९८७ सालची गोष्ट, पण दूरच्या देशातली. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात मोंतेवेर्दे नावाचे डोंगराळ जंगल आहे. तेथे सोनेरी रंगाचे भेक राहत. १९८७ साली पाण्याच्या डबक्यांशी दीड हजारांवर भेक जमलेले अभ्यासकांनी पाहिले. १९८८ साली अवघे दहा दिसले. १९८९ साली एक. त्यानंतर एकही नाही. तेथे कोणी पोती घेऊन आले नव्हते, जंगलही राखीव होते. ऑस्ट्रेलियातही डोंगरातल्या ओढ्यांवरचे बेडूक असेच नाहीसे होत होते.

उलगडा झाला १९९८ साली. ऑस्ट्रेलिया आणि पनामा येथील मेलेल्या बेडकांच्या कातडीवर एक बुरशी सापडली. १९९९ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले. आपल्याला करपा, तांबेरा ठाऊक आहे. त्यांचे बीजाणू वाऱ्याने पसरतात. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. बेडूक पाणी पितो तो कातडीतून, श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. बुरशीने कातडी बिघडली की अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडते. मोंतेवेर्देला त्या वेळच्या कोरड्या हवामानानेही भर घातली असावी. २०१९ साली शास्त्रज्ञांनी जगभरचा आढावा घेतला. या रोगामुळे ५०१ जाती घटल्या आणि त्यांपैकी ९० बहुधा कायमच्या गेल्या, असे त्यात निघाले.

ही बुरशी जगभर गेली कशी? २०१८ सालच्या संशोधनानुसार तिचे मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला आहे. खाण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी आणि हौसेसाठी जिवंत बेडकांची ने-आण झाली, तिच्याबरोबर रोगही गेला. म्हणजे दोन संकटे वेगळी दिसली तरी दोन्हींत व्यापाराचा हात आहे. फरक एवढाच, की निर्यात एका हुकमाने बंद करता आली. पाण्यात शिरलेला रोग हुकूम ऐकत नाही.

आपल्याकडे काय?

२०१३ साली उत्तर सह्याद्रीतील बेडकांवरही ही बुरशी आढळल्याचे प्रसिद्ध झाले. घाबरून जाऊ नका. तो प्रकार आशियातला जुना आहे आणि आपल्याकडे परदेशासारखी साथ नोंदलेली नाही. पण बाहेरचा जहाल प्रकार इथे येऊ नये, ही काळजी आपणच घ्यायची आहे. तंगड्यांची निर्यात थांबली तरी चोरटी शिकार पुरती थांबलेली नाही. गोव्यात आजही पहिल्या पावसात वन खात्याला बेडकांसाठी गस्त घालावी लागते.

तेव्हा एवढे करा :

१. बेडूक पकडू नका, विकू नका. अंडी घालण्याच्या दिवसांत तर हातही लावू नका.

२. एका गावचे बेडूक किंवा त्यांची शेपटीची पिल्ले दुसऱ्या गावच्या तळ्यात सोडू नका. शोभेच्या टाकीतले प्राणी विहिरीत, शेततळ्यात टाकू नका.

३. जाळी, बूट, बादल्या एका तळ्यावरून दुसऱ्यावर नेण्याआधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. कोरडेपणात ही बुरशी टिकत नाही.

४. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नका. खेकड्यांच्या बिळात औषध ओतू नका. त्याने खेकड्याबरोबर त्याला खाणाराही मरतो.

५. फवारणी झालेली नसताना एका जागी बरेच बेडूक मेलेले दिसले, तर उघड्या हाताने उचलू नका. कृषी सहायकाला किंवा वनरक्षकाला लगेच कळवा.

१९८७ साली सरकारने कागदावर सही केली आणि आपला राखणदार वाचवला. पुढची राखण बांधावरच करावी लागेल, आणि बांधावर तुम्ही आहात. येत्या पावसाच्या पहिल्या रात्री पाच मिनिटे अंगणात उभे राहा आणि कान द्या. डराव-डराव ऐकू आले, तर आपले शिवार अजून जागे आहे असे समजा.