सरकारी वकील कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात शंका आली असेल. सरकारी वकिलांच्या नेमणुका आणि त्यांना कामावरून दूर करणे हा वकिलांच्या खोलीतला विषय. लोअर परळच्या एका कामगार कार्यकर्त्याने त्यात का पडावे? शंका रास्त आहे. मी कायद्याची परीक्षा दिलेली नाही. जो थोडाफार कायदा मला कळतो, तो भोईवाड्याच्या कोर्टात तारखेची वाट पाहत बाकावर बसून आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून कळलेला आहे. तरीही हा विषय आपणा सर्वांचा आहे असे माझे मत आहे, आणि तसे का, ते आधी सांगतो.

28 डिसेंबर 2017 च्या रात्री बारा वाजून गेल्यावर आपल्याच भागात, कमला मिलच्या आवारात आग लागली आणि 14 माणसे मेली. अशा मृत्यूचा खटला उभा राहतो तेव्हा तो मृताच्या आईच्या किंवा पत्नीच्या नावाने चालत नाही. तो राज्याच्या नावाने चालतो. नातेवाइकाने वकील दिला तर तो सरकारी वकिलाच्या हाताखाली, त्याला साहाय्य करण्यापुरता. कोणता साक्षीदार आधी आणायचा, काय विचारायचे, जामिनाला किती कसून विरोध करायचा, खालच्या कोर्टात हरल्यास अपील करावे असे मत द्यायचे की नाही, हे सारे सरकारी वकिलाच्या हाती. ज्याच्या घरातले माणूस गेले, त्याच्या न्यायाची किल्ली अशी एका माणसाच्या खिशात असते. तो माणूस कोण नेमतो आणि कोण काढतो, हे मग आपण विचारायला नको काय?

गिरणीत बदली कामगार असे. खात्यात कायमचा माणूस गैरहजर राहिला तर याला काम. सकाळी गेटापाशी उभे राहायचे. जॉबरने बोट दाखवले तर आत, नाही तर घरी. जॉबरची मर्जी राखण्यासाठी काय काय करावे लागे, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितलेले आहे. ही मनमानी थोडी आवरावी म्हणून 1935 साली मुंबईत बदली नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. बदलीला कार्ड मिळाले आणि जॉबरच्या बोटाला थोडा लगाम बसला. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की आपल्या देशातला सरकारी वकील हा फार वर्षे बदली कामगारच राहिला. त्याला काढताना ‘बडतर्फी’ हा शब्दही बहुधा लागत नाही. मुदत वाढवली नाही, पॅनेल रद्द केले, उद्यापासून दुसरे वकील उभे राहतील असे कळवले, की झाले.

आता थोडा इतिहास पाहू. परक्या सरकारच्या अमदानीत सरकारी वकील हा उघडच सरकारचा माणूस होता. 1928 च्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि 20 मार्च 1929 रोजी डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांच्यासह देशभरच्या कार्यकर्त्यांची धरपकड झाली. खटला मुंबईत न चालवता मीरतला नेला. मुंबईत ज्यूरी बसली असती, मीरतला ती टळली. फिर्यादी पक्षासाठी कलकत्त्याचे बॅरिस्टर लँगफर्ड जेम्स यांना आणले. कोर्ट कोणते आणि वकील कोण, हे दोन्ही सरकारने आपल्या सोयीने ठरवले. निकाल लागायला जानेवारी 1933 उजाडले. पण त्याच राजवटीत उलट उदाहरणही आहे. मोतीलाल सेटलवाड हे 1937 पासून मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते. 1942 साली त्यांनी ते पद सोडले. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले ॲटर्नी जनरल तेच झाले. पद सोडण्याचे धैर्य फार थोड्यांत असते. म्हणून व्यवस्था अशी हवी की प्रामाणिकपणासाठी पद सोडावेच लागू नये.

स्वराज्यात ती व्यवस्था आली काय? 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. तिच्या 24 व्या कलमात दोन कुंपणे होती. उच्च न्यायालयातला सरकारी वकील नेमताना उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करावा. जिल्ह्यातल्या नेमणुकांसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नावांची यादी करावी. ज्या न्यायाधीशासमोर वकील रोज उभा राहतो त्याला त्याची पारख असते, हा त्यातला साधा हेतू. महाराष्ट्राने 1981 साली या कलमात दुरुस्ती केली. उच्च न्यायालयाच्या विचारविनिमयाचे शब्द गाळले. सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमयाच्या जागी ‘राज्य सरकारच्या मान्यतेने’ असे शब्द घातले. दोन ओळींची दुरुस्ती. सभागृहाबाहेर तिचा आवाज कुठे फारसा झाला नाही. पण त्या दिवशी बदलीचे कार्ड काढून घेतले गेले आणि बोट पुन्हा जॉबरच्या हाती आले.

त्याच 1981 सालची पाटण्याची हकिकत पाहण्यासारखी आहे. पाटणा अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवरून बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर 1979 साली आरोपपत्र दाखल झाले. तेव्हा सत्ता विरोधकांची होती. 1980 च्या जूनमध्ये मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी 1981 मध्ये सरकारने खटला काढून घेण्याचे ठरवले, आणि त्याच सुमारास दक्षता खात्याचे खटले चालवणाऱ्या वकिलांचे जुने पॅनेल रद्द करून चौघांचे नवे पॅनेल नेमले. त्या चौघांपैकी एकाने जूनमध्ये कोर्टात खटला मागे घेण्याचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1982 साली दोन विरुद्ध एक मतांनी तो अर्ज कायम राहिला. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती तुळजापूरकर हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले. पुढे पाच न्यायमूर्तींसमोर फेरविचार झाला आणि 1986 मध्ये तीन विरुद्ध दोन असा तोच निकाल राहिला. कायद्याने सरकार जिंकले. पण एकाच खटल्यावर देशातले मोठे न्यायमूर्ती दोनदा दुभंगले, यावरून जखम किती खोल होती ते कळते.

इथे कामगार चळवळीने स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. खटला मागे घेण्याचे हे कलम आपल्याही उपयोगी पडलेले आहे. मे 1974 च्या रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटला भरला गेला. मार्च 1977 मध्ये सरकार बदलले आणि तो मागे घेतला गेला. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. सरकार सुचवू शकते, पण निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घेतला पाहिजे, असे सूत्रही त्या निकालात आहे. त्याही आधी, 1924 साली, इंग्लंडमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने कम्युनिस्ट संपादक कॅम्बेल यांच्यावरचा खटला काढून घेतला, आणि त्यावरून उठलेल्या वादळात ते सरकारच पडले. संपावरच्या, मोर्च्यातल्या माणसांवरचे खटले मागे घ्यावेत, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु ती उघड मागणी असावी, कोर्टासमोर कारणे सांगून मान्य व्हावी. वकील बदलून मागच्या दाराने ती साधायला लागलो, तर उद्या त्याच दाराने गिरणीमालकही येईल, आणि त्याच्यापाशी दाराची किल्ली आपल्यापेक्षा लवकर पोहोचते.

दुसरी हकिकत उत्तर प्रदेशची. तिथे नवे सरकार आल्यावर 6 फेब्रुवारी 1990 च्या एका परिपत्रकाने राज्यातल्या सर्व जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एकदम, महिनाअखेरीपासून, घरी पाठवले. कुणाची मुदत शिल्लक होती, कुणाचे काम चांगले होते, हे पाहिलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हे परिपत्रक रद्द केले. सरकारी वकील हा खाजगी अशिलाने ठेवलेला वकील नव्हे. त्याच्या पदात सार्वजनिक अंश आहे, आणि त्याला काढतानाही राज्याने मनमानी करता कामा नये, असा त्या निकालाचा आशय. मात्र 2004 साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात म्हटले की मुदतवाढ हा हक्क नाही, आणि नेमणुकांच्या बाबतीत न्यायालयांनी फार खोलात जाऊ नये. म्हणजे घाऊक काढणे अवघड झाले. एकेकाला काढणे सोपेच राहिले.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण. 29 सप्टेंबर 2008 रोजी मालेगावच्या भिक्खू चौकात बॉम्बस्फोट झाला. सहा माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव; आपल्या गिरण्या थंडावल्या तेव्हा कापड त्यांच्या मागांवर गेले. या खटल्यात रोहिणी सालियन या विशेष सरकारी वकील होत्या. 2011 साली तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला तरी त्या राहिल्या. जून 2015 मध्ये त्यांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन जाहीर सांगितले की 2014 मध्ये केंद्रात नवे सरकार आल्यानंतर यंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने येऊन आरोपींबाबत सौम्य राहण्याचा निरोप दिला. आणि त्या जूनमध्ये, आता तुमच्याऐवजी दुसरे वकील उभे राहतील, असे सांगितले गेले. यंत्रणेने हा आरोप नाकारला. पुढे 2016 मध्ये यंत्रणेने काही आरोपींना वगळण्याचे पुरवणी आरोपपत्र दिले. तरी कोर्टाने त्यांतल्या प्रमुख आरोपीला सोडले नाही आणि खटला चालला. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

या निकालावर मी मत देणार नाही. पुरावा न्यायाधीशांनी पाहिला, मी नाही. बाईंचे म्हणणे खरे की यंत्रणेचे, याचाही निवाडा या व्यासपीठावर होणार नाही. मला दाखवायचे आहे ते निराळेच. खटल्याच्या मध्यावर वकील बदलला जातो आणि लेखी, जाहीर कारण कुणालाच मिळत नाही, तेव्हा नुकसान दोन्ही बाजूंचे होते. ज्यांची माणसे मेली, त्यांना मरेपर्यंत वाटत राहते की आपला वकील आपल्यापासून काढून घेतला. आणि जे सुटले, त्यांची सुटकाही निर्मळ राहत नाही. कोपऱ्यावरचा माणूस म्हणतो, वकील बदलला होता ना! शिक्षा झाली असती तर तिच्यावरही दुसऱ्या बाजूने असाच डाग पडला असता. राजकीय हेतू सिद्ध होवो वा न होवो, त्याच्या संशयाला जागा ठेवणारी व्यवस्था हीच मुळात अन्यायाची आहे.

हे दुखणे फक्त आपलेच आहे असे नाही. अमेरिकेत 20 ऑक्टोबर 1973 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी आपल्याच चौकशीसाठी नेमलेल्या आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्याचा हुकूम सोडला. ॲटर्नी जनरलने हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्याच्या दुय्यमानेही नकार देऊन पद सोडले. तिसऱ्याने तो पाळला. दहा महिन्यांत निक्सन यांनाच जावे लागले. त्याच देशात 7 डिसेंबर 2006 रोजी सात सरकारी वकिलांना एका दिवसात जायला सांगितले. संसदेने चौकशी लावली, पुढच्या वर्षी ॲटर्नी जनरल पायउतार झाले, आणि 2008 च्या सरकारी अहवालात काहींना काढण्यात पक्षीय हेतू होता असे नमूद झाले. फरक एवढाच की तिथे वकिलाला काढणे ही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची बातमी झाली; आपल्याकडे पॅनेल बदलले तर बार रूममध्ये पेढे वाटले जातात.

या हकिकतींमधून हेतू तीन दिसतात. पहिला, आपल्या माणसाला वाचवणे. दुसरा, विरोधकाला अडकवणे. तिसरा सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत घातक: निवडणुकीत राबलेल्या वकिलांची सोय लावणे. पहिल्या दोघांचा गाजावाजा होतो. तिसऱ्याने मात्र रोजची न्यायदानाची गिरणी अडाणी हातांत जाते, आणि त्यात भरडला जातो तो गरीब फिर्यादी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. लोकांनी निवडलेल्या सरकारला आपला वकील निवडण्याचा हक्क नको काय? दिवाणी दाव्यात जरूर आहे. सरकारी जमिनीचा दावा असेल तर सरकार अशील आहे, वकील त्याने निवडावा. पण खुनाच्या, आगीच्या, स्फोटाच्या खटल्यात सरकार अशील नसते. अशील असतो समाज. तिथे सरकारी वकिलाचे काम आरोपीला काहीही करून तुरुंगात घालणे हे नाही. आरोपीच्या बाजूचा कागद हाती आला तर तोही कोर्टापुढे ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. असे काम मर्जीवरचा माणूस करू शकत नाही.

मग उपाय काय? काही पावले पडली आहेत. खालच्या कोर्टांतले सहायक सरकारी वकील महाराष्ट्रात पोलीस खात्याच्या अमलाखाली होते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतंत्र श्रेणी करायला आपल्या राज्याला सांगितले. 2005 साली अभियोग संचालनालयाची तरतूद आली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती कायम आहे. पण संचालनालय राहिले गृहखात्याच्याच प्रशासकीय अमलाखाली, आणि पोलीसही त्याच खात्याचे. जॉबर बदलला, गेट तेच.

म्हणून कामगार जे आपल्यासाठी मागतो तेच सरकारी वकिलासाठी मागितले पाहिजे: ठरलेली मुदत, मुदतीआधी काढायचे तर लेखी कारण, त्या कारणाला उत्तर देण्याची संधी, नेमताना आणि काढताना न्यायाधीशांचा खराखुरा सल्ला, आणि चालू खटल्यात वकील बदलायचा तर कोर्टासमोर कारण नोंदवणे. यात नवे काही नाही. आरोपपत्र दिल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय कामावरून काढू नये, हे तत्त्व या परळ-लालबागच्या माणसांनी गेटासमोर उभे राहून, मार खाऊन मिळवले आहे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना कोर्टाची पायरी चढावी लागू नये अशीच माझी इच्छा आहे. परंतु ज्या दिवशी चढावी लागेल, त्या दिवशी आपल्या बाजूने उभा राहणारा वकील गेटावरच्या बदलीसारखा बोटाकडे पाहत उभा नसावा. पुढच्या निवडणुकीत मते मागायला जो येईल त्याला रस्ते-पाणी जरूर विचारा. पण त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारा, की तुमच्या राज्यात सरकारी वकील कोण नेमणार आणि त्याला काढायचे झाले तर कारण लिहून देणार की नाही?