लोहमार्गापासून महाजालापर्यंत : समान वाहतुकीचे तत्त्व आणि सोलापूर

इंटरनेटवरून जाणारी माहिती कोणाची व कशाविषयी आहे हे न पाहता सेवादात्याने तिला समान वागणूक द्यावी, या तत्त्वास टिम वू या अमेरिकी विधिज्ञाने २००३ मध्ये 'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हे नाव दिले. नाव नवे असले तरी तत्त्व जुने आहे. भारतीय कायद्यात ते लोहमार्गाच्या काळातच आले होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास १८६० मध्ये पोहोचली. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूर येथे मद्रास रेल्वेस जोडला गेला. १८७७ मध्ये येथील 'जुनी गिरणी' सुरू झाली. बंदरापासून दूर असलेल्या अशा गिरणगावाची लांब पल्ल्याची मालवाहतूक मुख्यतः एकाच कंपनीच्या हाती होती. त्यामुळे त्या कंपनीचे दरपत्रक हा येथील व्यापाराच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरत असे.

१८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमातील कलम ४२ ने कोणत्याही व्यक्तीस अथवा कोणत्याही प्रकारच्या मालास अवाजवी झुकते माप देण्यास मनाई केली. कलम ४३ अधिक महत्त्वाचे आहे. एका व्यापाऱ्यास वा एका भागातील व्यापाऱ्यांस कमी दर दिल्याचे दिसून आल्यास, तो पक्षपात नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेवर टाकण्यात आली. मात्र सार्वजनिक हितासाठी तो माल मिळविण्यास कमी दर आवश्यक होता काय, हे पाहण्याची मुभाही त्याच कलमात होती. शिवाय तक्रार ऐकणारे आयोग कायमस्वरूपी नव्हते. सरकार प्रसंगानुसार ते नेमीत असे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. बंदराकडे जाणारा कच्चा माल व बंदरातून येणारा आयात माल यांस अनुकूल, आणि देशांतर्गत वाहतुकीस प्रतिकूल अशा दररचनेवर औद्योगिक आयोगाने (१९१६-१८) टीका केली. १९२६ ची रेल्वे दर सल्लागार समिती नावाप्रमाणे सल्लागारच राहिली. न्यायाधिकरण आले ते १९४९ मध्ये.

हा इतिहास पाहता २०१५-१६ मधील वादाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत निवडक संकेतस्थळे विनामूल्य मिळणार होती. गरिबांना फुकट मिळत असेल तर हरकत कसली, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु सोलापुरी चादरी विकणाऱ्या लहान उद्योजकाचे संकेतस्थळ त्या यादीत नसेल, तर त्याच्याकडे येणाऱ्या ग्राहकासच तेवढा खर्च पडणार. कमी दराचा लाभ एकास आणि त्याचा भार न बोलणाऱ्या दुसऱ्यास, हे रेल्वेच्या दरपत्रकातही घडत होते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगळे दर आकारण्यास बंदी घातली. उल्लंघनास प्रतिदिन ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. प्रत्येक प्रकरणी पक्षपात 'अवाजवी' आहे काय हे तपासण्याऐवजी आधीच मनाई करण्याचा हा मार्ग प्रस्तुत लेखकास १८९० च्या कायद्याहून श्रेयस्कर वाटतो. कारण वेळखाऊ चौकशीत लहान व्यापारी टिकत नाही.

ही बंदी दरांपुरती होती. माहिती अडविणे वा तिचा वेग कमी करणे यांविरुद्धच्या अटी २०१८ मध्ये परवान्यांत आल्या. तेथेही काही 'विशेष सेवा' वगळण्यात आल्या, आणि अशा सेवा निश्चित करण्याचे काम दूरसंचार विभागाकडे राहिले.