बार भरताना दारू कोणती?

दसऱ्याला ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत शस्त्रपूजन होते. तलवारीला हळदकुंकू लागते आणि कुठे तोड्याची बंदूक उरली असेल, तर तिलाही फूल वाहिले जाते. ती कोणत्या पूर्वजाची, हे आम्ही मुलांना हौसेने सांगतो. तिच्यात दारू कोणती भरत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही दारू. जिन्नस तेच, पण दाणा वेगळा. कानावर ठेवायची रंजक पिठासारखी बारीक, कारण तोडा टेकताच तिने पेट घ्यायला हवा. बंदुकीच्या नळीत त्याहून जाड दाणा आणि तोफेत आणखी भरड. बारीक दारू एकदम जळते. ती तोफेत ठासली तर जड गोळा हलण्याआधीच दाब वाढून तोफ फुटण्याची भीती. उलट भरड दारू बंदुकीत घातली, तर ती पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि मारा कमी पडतो. ही निवड बार भरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असे.

निवडीइतकेच महत्त्व जपणुकीला होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याचे नियम घालून दिले. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला ओल लागू देऊ नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. दमट सह्याद्रीत हे न केले, तर ऐन वेळी तोफ मुकीच राहणार.

पुढे महादजी शिंद्यांनी डी बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत वेलस्ली जिंकला खरा, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, ते मुख्यतः मराठ्यांच्या तोफांमुळे. पण बिहारच्या उत्तम सोऱ्याचा मक्ता १७५८ पासूनच कंपनीच्या हाती गेला होता.

मग काडतूस आले. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीसाठी सुमारे ४.५ ग्रॅम दारू आणि गोळी कागदात गुंडाळून कारखान्यातूनच येई. दाणा कोणता, माप किती, कागदाला चरबी कशाची, हे सारे दुसऱ्याने ठरवलेले; शिपायाने फक्त दाताने कागद फाडायचा. त्या चरबीबद्दलच्या संशयाने १८५७ साली केवढा भडका उडाला, हे आपण जाणतोच. १४ जून रोजी आमच्या ग्वाल्हेरची कंटिंजंट फौजही उठली. राज्य गमावल्याचे आणि धर्म बुडण्याचे भय तर होतेच. पण ज्याला स्वतःचा बार स्वतः निवडता येत नाही, त्याचा भरवसा किती लवकर तुटतो, हेही त्यात दिसते.

येत्या दसऱ्याला शस्त्रे पुसताना एवढे कराच. जुन्या बंदुकीत कधी कधी भरलेला बार तसाच राहिलेला असतो आणि कोरडी दारू शंभर वर्षांनीही पेटते. म्हणून आधी ती जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. मग तलवारीच्या गोष्टीबरोबर मुलांना सोरा वाळवणाऱ्या, कोळसा कुटणाऱ्या आणि दारूला ऊन दाखवणाऱ्या माणसांचीही गोष्ट सांगा. त्यांची नावे बखरींत नाहीत. गड मात्र त्यांच्याही भरवशावर लढले.